देवीच्या नावानं सोडलेले दाणे

वैशाखऱ्याच्या फाट्यावर मुरबाडची गाडी यायला उशीर होता, आणि तेवढ्या वेळात आईने गाठोडं पुन्हा पुन्हा सोडून बांधलं. तांदळाचं पीठ, कडवे वाल, खुरासणीची चटणी आणि मधोमध चिंधीत गुंडाळलेली तेलाची बाटली. खुरासणी, म्हणजे कारळं, आमच्याच डोंगरउताराच्या वरकस जमिनीतली, आणि तेल आईने घाण्यासमोर स्वतः बसून काढून आणलेलं. बाटलीचं बूच हरवलं होतं, म्हणून तिने मक्याच्या कणसाचं बुरकुंड कापून ठोकलं होतं.

"शापूरला तेल मिळतं गो आई," मी म्हटलं.

"मिळतं ना. पण त्याच्यात काय घातलंय, कोणी बघितलंय? आपलं हाय तोवर आपलं खा."

मी हसले. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासरी जमीन थोडी आणि भाऊ पुष्कळ, म्हणून ह्यांनी आसनगावच्या बाजूला पुठ्ठ्याच्या कारखान्यात काम धरलं होतं आणि शहापूरला खोली घेतली होती. मला कधी एकदा जाते असं झालं होतं. गाडी सुटली तेव्हा आई रडली नाही. "बाटली आडवी करू नको," एवढंच खिडकीतून ओरडली.

आता आशू, माझी मुलगी, पुढच्या सोमवारी नाशिकला डी.एड.च्या होस्टेलवर जाणार आहे. तिचं सामान भरताना हे सगळं वर आलं आहे. बोलून दाखवायची मला सवय नाही. लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहिते.

शहापूरला पहिल्यांदा मला सगळ्यात काय आवडलं असेल तर दुकानातली पाकिटं. दोरीला लटकलेली, चकचकीत, ओळीने. गावाला दुकानदार पोत्यात हात घालून काढायचा, त्याच हाताने विडी धरायचा. इथे सगळं बंद. बंद म्हणजे स्वच्छ, असं माझ्या डोक्यात बसलं. आईचं तेल संपल्यावर मी पिशवीतलं तेल आणलं. पीठ संपल्यावर गिरणीतून दळून आणलं. कोणाच्या धान्यामागे आपलं धान्य पडतं, हे तेव्हा मी बघितलं नाही. बघायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

आशू तीन वर्षांची असताना संक्रांतीला शेजारणीने तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. त्यात दाण्याचं कूट होतं. बघता बघता पोरीच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठले, ओठ सुजून वर आले, आणि श्वासाला शिट्टी लागली. रिक्षात मी तिला उभी धरली होती. आडवी केली की तिचा श्वास अडकायचा.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. शिट्टी थांबल्यावर ते म्हणाले, "हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नुसता दाणा नाही, दाण्याचा हात लागलेलं पण देऊ नका."

मी मान हलवली. मला विचारायचं होतं, हात लागलेलं म्हणजे किती? धुतलं तर चालतं का? तेलाचं काय? पण मोठ्या माणसांपुढे माझं तोंड उघडत नाही, तेव्हा तर अजिबातच उघडत नव्हतं. बाहेर लोक खोळंबले होते. मी पदर सावरून निघाले आणि ते सगळे प्रश्न घरी घेऊन आले.

गावी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "वावडं असेल. तुझ्या आज्याला वांग्याचं होतं, खाल्लं की अंग खाजवत बसायचा." वावडं हा शब्द बरा होता, पण छोटा होता. वांग्याने आज्याचा श्वास बंद पडत नव्हता. आणि माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, चुलीपुढून हसून बोलली, "शहरात गेल्या ना आमच्या वन्सं. आता पोरीला आजारबी शहरातलेच होणार."

खरं तर आमच्याकडे दाणे फार लागत नाहीत. चटणी खुरासणीची, वाटण खोबऱ्याचं. दाणे घाटावरून येतात. धसईच्या बाजारातून आणायचे ते उपवासाला, नाही तर दिवाळीच्या चिवड्याला. पण लग्नाकार्यात आचारी बाहेरचा, आणि त्याचा हात कुटाच्या डब्यातच. चुलत बहिणीच्या साखरपुड्याला मी वाढणाऱ्या बाईला हळूच विचारलं, "भाजीत दाणे आहेत का?"

"चिमूटभर हायेत. त्यानं काय होतंय गो? दाणे खाऊन तर पोरं गुबगुबीत होतात."

"तिला चालत नाहीत."

"एक घास दे, बघ कशी खाते ती! तूच पोरीला नाजूक करतेस."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मला चारचौघांत मोठ्याने बोलता आलं नाही. मी आशूला उचलून गोठ्यामागे नेली आणि घरून आणलेली भाकरी तिला कोरडी चारली. आत पंगत चालली होती. भाकरी चारताना मला भीती नव्हती, राग होता. माझ्या पोरीच्या जिवाची गोष्ट मी सांगते, आणि ती कोणाला पटत नाही.

त्याच वर्षी श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मी माहेरी होते. आई आवराआवर करत होती. सुकटीचा तवा, बोंबलाचं पातेलं, कालथा, सगळं राखेने घासून तिने गोणपाटात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. पाटा-वरवंटा कढत पाण्याने धुतला, पुन्हा राखेने घासला, पुन्हा धुतला. वहिनी म्हणाली, "झाला की आता साफ." आई म्हणाली, "वास गेला म्हणून काय झालं? लागलेलं असतं ते असतंच."

मी दारात उभी होते. लागलेलं असतं ते असतंच. डॉक्टर हेच बोलले होते! मग ह्यांना माशाचं कळतं आणि दाण्याचं का कळत नाही?

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, आशूचे दाणे सोडलेत. गावदेवीला बोलले मी."

आमच्याकडे असं सोडतात. नवस बोलायचा आणि एखादी वस्तू देवीच्या नावानं जन्मभरासाठी सोडायची. कोणी केळं सोडतं, कोणी भोपळा. सोडलं की त्याला हात लावायचा नाही, दुसऱ्यानेही भरवायचं नाही. पाप लागतं ते भरवणाऱ्याला.

आईने माझ्याकडे बघितलं. वहिनीने कपाळाला हात लावून देवीच्या दिशेने नमस्कार केला. बस, एवढ्यात काम झालं. डॉक्टरांच्या बोलण्याने जे झालं नव्हतं, माझ्या रडण्याने झालं नव्हतं, ते झालं. आईने आशूसाठी एक लहान लोखंडी कढई आणि डाव वेगळा काढला आणि चुलीच्या वरच्या बाजूला खिळ्यावर टांगला. तिचं पीठ जात्यावर दळायची. पुढच्या लग्नात तीच वाढणारी बाई लांबून ओरडली, "अगो, ती देवीची पोर! तिला त्या पळीनं नको वाढू!" वहिनी तर इतकी जपायची की चिवडा केला तर आंघोळ करून मग आशूला जवळ घ्यायची.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आत कुठेतरी ठसठसत राहिलं. देवीने सांगितलं तर ऐकायचं, आणि पोरीचा श्वास अडकतो म्हणून तिच्या आईने, मी, सांगितलं तर हसायचं.

मग ह्यांचा कारखाना बंद पडला आणि मला कामाला जावं लागलं. आमच्या चाळीतल्या बायका जात होत्या त्याच शेडमध्ये मला घेतलं. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, चिवडा, फरसाण करून पाकिटं भरायची. दाण्यांपासून लांब पळणारी मी दाण्यांतच जाऊन बसले. दुसरं काम मिळालं असतं तर गेले नसते.

शेडमध्ये दाणे भाजले की लाल साली पंख्याच्या वाऱ्यावर उडायच्या. केसांत, पापण्यांवर, चोळीत बसायच्या. घरी आले की मी पहिल्यांदा मोरीत जायचे, लुगडं बदलायचे, कोपरापर्यंत हात घासायचे आणि मगच आशूला हाक मारायचे. शेजारीण विचारायची, "रोज रोज कोण मरतंय गो तुझं?" मी साबण पुन्हा हाताला लावायचे.

त्या शेडमध्ये मला एक गोष्ट दिसली, ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. तिथे दोन टेबलं होती. एक फरसाणाचं, एक उपवासाचं. फरसाणाच्या टेबलावर कांदा, लसूण, डाळीचं पीठ. तिकडचं घमेलं उपवासाच्या टेबलावर आणलं तर सुपरवायझर अंगावर यायचा. "लोकांचा उपवास मोडेल ना बाई! पाप लागेल!" वेगळी घमेली, वेगळे ट्रे, फडकीसुद्धा वेगळी. एवढं सोवळं. आणि उपवासाच्या टेबलावर सकाळी दाण्याची चिक्की लाटायची, दुपारी त्याच टेबलावर राजगिऱ्याचे लाडू वळायचे. कारण दाणे उपवासाला चालतात. मधे काय करायचं? ट्रे उलटा करून आपटायचा. तुकडे पडले की ट्रे साफ.

पाकिटावर छापलेलं असायचं, राजगिरा, गूळ, वेलची. बाजूला मोठ्या अक्षरात, उपवासासाठी. आणि कोपऱ्यात नवा आलेला हिरवा ठिपका. तिन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. तरी ते पाकीट मी माझ्या घरात आणू शकत नव्हते.

आशू अकरा वर्षांची असताना आम्ही मे महिन्यात माहेरी गेलो. मी विहिरीवर होते. वहिनीची हाक ऐकली आणि कळशी तिथेच टाकून धावले. आशू ओटीवर बसली होती, डोळे मिटत आलेले, ओठ सुजलेले, आणि तीच शिट्टी. समोर राजगिऱ्याच्या लाडवांचं फोडलेलं पाकीट. आई हातात पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी होती.

"मी वाचून घेतलंय गो," ती सारखी तेच म्हणत होती. "दुकानदाराकडून वाचून घेतलंय. दाणे नाय लिवलेले. उपवासाचं हाय म्हणून घेतलं. म्हटलं, सोवळ्यातलं असंल, त्याच्यात काय मिसळायचं नाय."

भाऊ रस्त्यावरून भाड्याची जीप घेऊन आला. मुरबाडच्या दवाखान्यापर्यंतच्या वाटेबद्दल मला लिहिता येत नाही. जीपवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही, एवढंच आठवतं. पोर वाचली. इंजेक्शन वेळेवर मिळालं.

ते पाकीट मी पदरात बांधून आणलं होतं. बाकावर बसून बघितलं. आमच्या शेडचं नव्हतं. दुसरं नाव, दुसरा पत्ता. पण राजगिऱ्याच्या लाडवाला पाकाने चिकटलेला लाल सालीचा कण मला नखाने काढता आला. तिथेही ट्रे आपटला होता कोणीतरी, माझ्यासारख्याच बाईने.

आई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिचं तोंड इतकं लहान झालं होतं की माझ्याने बघवेना. मला वाटलं, ही आता देवीचा कोप झाला म्हणून जन्मभर स्वतःला खाईल. तिच्या हातून देवीची वस्तू मोडली असं हिला वाटत असणार. मी जवळ सरकले आणि सांगून टाकलं. "आई, नवस नव्हता. मी देवीला काहीच बोलले नव्हते. तू पाप लावून घेऊ नकोस."

आई म्हणाली, "ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"नारळ कुठं नेलास तू तेव्हा? देवीशी रिकाम्या हातानं कोण बोलतं? आणि मला न घेता जाशील व्हय नवस बोलायला? गावात तू तर एकटी दुकानातबी जात नव्हतीस." तिने डोळे पुसले. "बोलली नाय मी. गाव ऐकतंय ना, मग म्हटलं, ऐकू दे. पोर जगली पायजे."

म्हणजे इतकी वर्षं ती कढई देवीच्या भीतीने वेगळी नव्हती. मी सांगितलं म्हणून वेगळी होती.

मग तिने पाकिटाकडे बोट दाखवलं. "पण ह्यांना कोणी सांगायचं गो? ह्यांना देवीची पण भीती नाय, तुझी पण नाय. लिवलंय एक, आत दुसरं."

"खोटं नाही लिहिलेलं, आई. त्यांनी घातलेले नाहीत दाणे. लागलेत."

"लागलेलं असतं ते असतंच," आई म्हणाली. तिला कळायला एवढंच पुरे होतं.

शहापूरला परतल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा सुपरवायझरपुढे जाऊन उभी राहिले. घरून वाक्य पाठ करून गेले होते. "साहेब, पाकिटावर एक ओळ लिहा ना. इथं दाण्याचं काम पण होतं म्हणून."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला सांगितलं. "कशाला वहिनी?"

मी आशूचं सांगितलं. त्याने च्च च्च केलं. मग म्हणाला, "पण असं बघा, राजगिऱ्याच्या पाकिटावर दाणे लिहिले तर गिऱ्हाईक म्हणेल भेसळ आहे. आणि कायद्यात कुठंय? ठिपका मारायला सांगितला, तो मारला. वर जागा तरी कुठं आहे? नाव, फोटो, उपवास, सगळं भरलंय. तुम्ही पोरीला पाकिटातलं देऊच नका ना. घरचं द्या."

घरचं द्या. घरी कोण असतं? तुमच्या शेडमध्ये मी असते.

हे मी बोलले नाही. उठून टेबलावर गेले आणि चिक्की लाटली. ते वाक्य अजून माझ्या घशात आहे.

त्या ठिपक्यावर माझा राग नाही. मांस-अंडं न खाणाऱ्यांची सोय झाली, चांगलं झालं. चौथी शिकलेल्या बाईलाही कळतो, श्रावणात मीही बघते. पण ज्यांनी ती सोय केली त्यांना एवढं तरी कळत होतं ना, की माणसाला आत काय आहे ते बाहेरून समजलं पाहिजे? मग दुसरा ठिपका का नाही? जे खाल्लं तर मन विटतं त्याला खूण आहे. जे खाल्लं तर श्वास बंद होतो त्याला नाही. तेलाच्या जागी "खाद्यतेल" लिहितात. कसलं? ते लिहायला शाई संपते का?

आशूने एकदा चॉकलेटच्या महागड्या कागदावरची बारीक इंग्रजी ओळ मला वाचून दाखवली. "यात दाणे असू शकतात, असं लिहिलंय."

"असू शकतात म्हणजे? आहेत की नाहीत?"

"त्यांनाच माहीत नाही गो आई," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. पण निदान त्यांनी माहीत नसल्याचं कबूल केलं होतं.

आशू माझ्यासारखी लाजाळू झाली नाही. देवाची कृपा. हॉटेलात जाऊन आचाऱ्याला बाहेर बोलावते, तेल कसलं ते विचारते, डबा उघडून वास घेते. लोक तोंडावर म्हणतात, काय नखरे आहेत. ती म्हणते, "हो, आहेत." पण होस्टेलची मेस, रोज तेच मोठं पातेलं, तीच पळी, आणि मैत्रिणींची पाकिटं. तिथे ती कोणाकोणाला विचारणार? आचाऱ्याला विचारता येतं. पाकीट हातात आलं की त्याच्या मागे माणूसच नसतो.

काल मी तिचं गाठोडं बांधलं. गाठोडं नाही, बॅग आहे, पण मी तिला गाठोडंच म्हणते. तांदळाचं पीठ, खुरासणीची चटणी, तेलाची बाटली. बाटलीला आता चांगलं फिरकीचं झाकण आहे. तरी मी म्हटलं, "आडवी करू नको." आशू म्हणाली, "आई, हे महिनाभर पण पुरणार नाही." तिचं खरं आहे. माझंही पुरलं नव्हतं.

आई आता थकली आहे, तिच्याने शहापूरपर्यंत यायला झालं नाही. भावाच्या हाती तिने ती लहान कढई पाठवली, डावासकट, गोणपाटात बांधून. संध्याकाळी त्याच्याच मोबाईलवरून तिचा फोन आला.

"पोचली का गो कढई?"

"पोचली. पण होस्टेलवर चूल नाही आई, तिला शिजवू देणार नाहीत."

"नसू दे. असू दे तिच्याजवळ. विचारतील पोरी, ही कसली कढई, तर सांगंल ती."

"आणि ती घरी, तुझ्याकडे आली म्हणजे?"

"तेव्हा घेऊन येईल. खिळा रिकामा ठेवलाय मी. तुझी वहिनी गाळणी टांगत होती, मी काढायला लावली. त्याच्यावर दुसरं काय टांगायचं नाय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या कढईवरून हात फिरवत बसले. वैशाखऱ्याहून निघाले तेव्हा घर म्हणजे मागे पडलेली जागा, असं मला वाटत होतं. पुढे शहापूरची खोली आपली झाली, पाकिटं आली, फोन आला. आता विचारलं तर मला एवढंच सांगता येईल की चुलीच्या वर भिंतीत एक खिळा आहे, आणि माझ्या पोरीसाठी तो रिकामा ठेवलेला आहे. एका पाकिटावर तेवढी जागा कोणाला सापडली नाही.